भाग घेतला, आता सभेलाही या : झांक्ट पाउलीच्या सभासदांना खुले पत्र

प्रति,
एफ. सी. झांक्ट पाउली फुटबॉल क्लबच्या सहकारी संस्थेचे सर्व सभासद,
हांबुर्ग, जर्मनी

विषय : मैदानाची मालकी आणि सर्वसाधारण सभा

सन्माननीय सभासदहो,

सप्रेम नमस्कार. मी आपल्यातलीच एक आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात वाढले आणि गेली नऊ वर्षे हांबुर्गच्या आल्टोना भागात राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये संस्थेची भागविक्री सुरू झाली, तेव्हा ८५० युरो भरून मीही एक भाग घेतला. त्यातले ७५० युरो भागाचे आणि १०० कामकाजाच्या खर्चापोटी. काही महिन्यांत २१,००० हून अधिक लोकांनी असेच पैसे भरले, पावणेतीन कोटी युरोंपेक्षा जास्त रक्कम उभी राहिली आणि मिलर्नटोर मैदानाच्या कंपनीतला बहुमताचा हिस्सा क्लबकडून आपल्या संस्थेकडे येण्याची वाट मोकळी झाली. जर्मनीच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये या तऱ्हेने मैदान ताब्यात घेणारी ही पहिलीच सहकारी संस्था, याचे कौतुक वर्तमानपत्रांनी भरपूर केले. त्यात मी भर घालत नाही. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण सहकाराबद्दल मला जे काही कळते ते मराठीतच कळलेले आहे. मैदानात माझ्या आजूबाजूला उभ्या राहणाऱ्यांसाठी त्याचा जर्मन तर्जुमा मी स्वतः करून देणार आहे.

माझे वडील एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद होते. कारखान्याचे नाव इथे घेत नाही. ज्यांना असे कारखाने ठाऊक आहेत त्यांना त्याची गरजही पडणार नाही. त्यांचा भागदाखला लोखंडी कपाटात, सातबाराच्या उताऱ्याशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेला असे. सभेच्या आधी वार्षिक अहवाल घरी आला की ते लाल-निळी पेन्सिल घेऊन बसत आणि ताळेबंदातल्या आकड्यांखाली रेघा ओढत. एका वर्षी ‘इतर खर्च’ या सदराखालचा आकडा आदल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट दिसला. मी तेव्हा नववीत होते आणि हट्ट करून त्यांच्याबरोबर सभेला गेले होते. मांडवात पुढच्या चार रांगांत बसलेली मंडळी अध्यक्षांनी विषयाचा क्रमांक उच्चारला की विषय ऐकायच्या आतच ‘मंजूर, मंजूर’ म्हणत होती. वडील अहवाल हातात धरून मागे उभे होते आणि माईकची वायर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. अखेर कुणीतरी माईक आणून दिला, तोवर राष्ट्रगीत सुरू झाले होते. वडिलांनी अहवाल काखेत धरला आणि सावधान उभे राहिले. बाहेर पडताना सगळ्यांना बुंदीचा एकेक पुडा मिळाला.

तो प्रश्न पुढे कधीच विचारला गेला नाही. सभासद होते, निवडणुका होत होत्या, लेखापरीक्षण होत होते, दिवाळीला सवलतीची साखर घरी येत होती; एवढे सगळे असूनही कारखाना सभासदांचा उरलेला नव्हता. आपल्या संस्थेला हे बारसे झाल्या झाल्या सांगणे अशुभ वाटेल याची मला कल्पना आहे. पण घराला वाळवी लागते ती माणसे गृहप्रवेशाच्या आनंदात असतात तेव्हाच.

आपल्या क्लबची ओळख कशात आहे, असे बाहेरच्या कुणाला विचारले तर तो कवटी आणि हाडांच्या काळ्या झेंड्याकडे बोट दाखवील. त्या झेंड्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बंदराजवळच्या हाफेनश्ट्रासे रस्त्यावरच्या रिकाम्या घरांत घुसून राहणारी तरुण मंडळी मैदानात येऊ लागली आणि त्यांच्यातल्या एका पंक गायकाने शेजारच्या डोम जत्रेतल्या दुकानातून घेतलेला झेंडा झाडूच्या दांड्याला ठोकून आणला. फोल्कर इपिग हा आपला गोलरक्षक स्वतः त्या घरांत राहत असे. अशा माणसांनी क्लबला नवा चेहरा दिला, हे खरे. त्याच्या आधीचा क्लब मात्र कुणी बंडखोर नव्हता. १९१० हे आपले स्थापनावर्ष, पण मूळ १८६२ च्या व्यायाम मंडळात आहे आणि तपकिरी-पांढऱ्या रंगांच्या त्या मंडळाचे लोक शहरातल्या इतर पांढरपेशा मंडळांपेक्षा फार वेगळे होते असे समजायला काही आधार नाही. ओटो आणि पाउल लांग या ज्यू भावांनी १९३३ मध्ये क्लबचा रग्बी विभाग सुरू केला आणि लवकरच त्यांना त्यातून बाहेर पडावे लागले. क्लबचे अध्यक्षपद त्या काळात आणि युद्धानंतरही, सगळे मिळून तीस वर्षांहून अधिक काळ, विल्हेल्म कोख यांच्याकडे राहिले. त्यांच्या निधनानंतर १९७० मध्ये मैदानाला त्यांचेच नाव दिले गेले.

मला आपल्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो तो इथून पुढचा आहे. कोख नाझी पक्षाचे सदस्य होते हे १९९७ मध्ये उघडकीला आले. क्लबच्या कार्यालयाला हे प्रकरण सहज दाबून टाकता आले असते, किंवा एखादी चौकशी समिती नेमून चार वर्षे थंड्या बस्त्यात ठेवता आले असते. ही विद्या आमच्याकडे फार विकसित झालेली आहे. तसे झाले नाही. विषय सभासदांच्या सभेपुढे आला, वाद झाला, मते मोजली गेली आणि १९९८ मध्ये मैदानाचे नाव पुन्हा मिलर्नटोर झाले. २००७ मध्ये सभासदांनीच आणखी एक ठराव केला की हे नाव कोणत्याही कंपनीला कधीही विकायचे नाही. जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या मैदानांवर विमा कंपन्यांची, बँकांची आणि मोटारींची नावे झळकत असताना आपल्याकडे अजून जुन्या वेशीचेच नाव आहे, ते या ठरावामुळे. २००९ मध्ये क्लबची मार्गदर्शक तत्त्वे लेखी स्वरूपात ठरली. त्याच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, वंशद्वेषी घोषणांना मैदानाच्या नियमावलीनेच बंदी घातली होती, आणि तो आग्रहही स्टँडमधूनच आला होता.

हा धागा आजपर्यंत तुटलेला नाही. घरच्या सामन्यांपूर्वी वर्षानुवर्षे वाजणाऱ्या एका गीताच्या गीतकाराचा नाझी काळातला इतिहास क्लबच्या संग्रहालयाच्या संशोधनातून पुढे आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गीत वाजवणे थांबवले गेले. अनेकांना त्याचे वाईट वाटले, मलाही वाटले, कारण ते म्हणताना गळा दाटून येई. तरीही आपल्याच लाडक्या गोष्टीची झाडाझडती आपणच घ्यायची ही सवय मला त्या गीतापेक्षा अधिक झांक्ट पाउलीची वाटते.

उलट ज्या झेंड्याला जग आपली ओळख मानते, त्याच्याबाबतीत आपण काय केले हेही आठवून पाहा. पैशांच्या ओढाताणीत २००४ च्या सुमारास क्लबच्या वस्तूंच्या विक्रीचा बहुतांश हक्क दीर्घ मुदतीच्या कराराने बाहेरच्या कंपनीच्या हाती गेला. जगभर कवटीचे टी-शर्ट खपत राहिले आणि त्यातला थोडाच पैसा मिलर्नटोरला पोचला. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१६ मध्ये हा व्यवसाय पुन्हा पूर्णपणे क्लबकडे आला. आपली सर्वांत प्रसिद्ध खूण आपल्याच हातून इतकी वर्षे निसटून राहिली. झेंडा गहाण पडू शकतो. मैदानाचे नाव मात्र गहाण पडले नाही, कारण ते गहाण ठेवायचे असेल तर आधी सभेत येऊन विचारावे लागले असते.

त्या ओढाताणीविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण आपल्या सहकारी संस्थेकडे पाहताना पुष्कळ जण २००३ ची आठवण काढतात. ६ फेब्रुवारी २००२ रोजी तळाशी असलेल्या आपल्या संघाने बायर्न म्युनिकला २-१ असे हरवले. बायर्नने नुकताच विश्वचषक विजेत्या क्लबचा मान मिळवलेला असल्यामुळे ‘विश्वविजेत्यांचे विजेते’ अशा अर्थाचा एक लांबलचक जर्मन शब्द छापलेले शर्ट निघाले. त्याच हंगामात आपण बुंडेसलिगा या पहिल्या श्रेणीतून खाली आलो आणि पुढच्या वर्षी आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेलो. परवाना टिकवण्यासाठी सुमारे २० लाख युरो कमी पडत होते. तेव्हा नाट्यगृह चालवणारे कॉर्नी लिटमान अध्यक्ष होते. ‘त्राता’ असे लिहिलेले शर्ट विकण्याची टूम निघाली, सहा आठवड्यांत सुमारे १,४०,००० शर्ट खपले, दारूच्या गुत्त्यांनी प्रत्येक पेल्यामागे मदतीसाठी काही सेंट बाजूला काढले आणि बायर्न म्युनिक स्वतः येऊन मदतीचा सामना खेळून गेले. क्लब वाचला.

ती मदत होती. शर्ट विकत घेणाऱ्याचे काम पैसे दिले की संपले; शर्ट धुऊन धुऊन विटला तरी त्याच्यावर दुसरी कोणती जबाबदारी नव्हती. भाग घेणाऱ्याचे काम पैसे दिल्यावर सुरू होते. मला भीती वाटते ती हीच, की आपल्यापैकी निम्म्या लोकांनी २०२४ चा भाग हा २००३ चा शर्ट समजून घेतला आहे. माझ्या एका शेजाऱ्याने सभासदत्वाचा कागद चौकटीत घालून स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर लावला आहे. दिसतो फार सुंदर. पहिल्या सभेची सूचना ईमेलने आली होती का, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, आली असेल.

सहकारी पतसंस्था ही कल्पना मुळात तुमच्या देशाची आहे, म्हणून तुम्हाला ती शिकवणे हा आगाऊपणा ठरेल. डेलिच गावचे शुल्त्से आणि वेस्टरवाल्डच्या डोंगराळ खेड्यांतले फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या पतसंस्था काढल्या, त्यांचा अभ्यास करायला मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपात पाठवले होते. त्याच्या जाडजूड अहवालाचे सार दोन शब्दांत सांगितले जाते : रायफायझन शोधा. त्यातूनच १९०४ चा हिंदुस्थानातला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि त्या वाटेने पुढे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला. वेस्टरवाल्डहून निघालेली गोष्ट माझ्या वडिलांच्या लोखंडी कपाटापर्यंत अशी पोचली. आता तिच्याबरोबर आलेला अनुभव मी परत घेऊन आले आहे, एवढेच समजावे.

तो अनुभव असा, की सहकारी संस्था बहुधा चोरीने बुडत नाही, ती कंटाळ्याने बुडते. आधी सभेला माणसे येईनाशी होतात. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, गणपूर्तीची अट न ठेवता पुन्हा भरते. मग निवडणूक बिनविरोध होऊ लागते आणि बिनविरोध निवडणुकीचे कौतुक होऊ लागते. यादीत मयत सभासदांची नावे राहतात, कारण ती काढण्यात कुणाचेच हित नसते. हे सगळे होईपर्यंत कुणीही एक पैसा खाल्लेला नसतो. पण ज्याला खायचा असेल त्याच्यासाठी पान मांडून झालेले असते.

तुमचे कायदे आमच्यापेक्षा कडक आहेत, हे मी जाणते. जर्मनीत प्रत्येक सहकारी संस्थेला लेखापरीक्षण करणाऱ्या संघाचे सदस्य व्हावेच लागते आणि एका सभासदाला, त्याचे भाग कितीही असोत, सर्वसाधारणपणे एकच मत असते. पण त्याच कायद्यात अशीही मुभा आहे की १,५०० हून अधिक सभासद असलेल्या संस्थेने आपल्या पोटनियमांनुसार सर्वसाधारण सभेऐवजी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची सभा भरवावी. एकवीस हजार माणसांचा कारभार करणाऱ्या कोणालाही ही सोय कधी ना कधी आकर्षक वाटेल आणि ती सुचवणाऱ्याचा हेतूही वाईट नसेल. सभागृहाचे भाडे वाचेल, वेळ वाचेल, चर्चा नेमकी होईल. तो दिवस उगवला तर कृपा करून घाईने हात वर करू नका. आपल्या क्लबला नाव बदलण्याचे आणि नाव न विकण्याचे शहाणपण ज्या सभांतून सुचले, त्या लांबलेल्या, कंटाळवाण्या, कुणीही उठून काहीही बोलू शकेल अशा सभा होत्या.

दुसरी विनंती अहवालासंबंधी आहे. मैदान हा धंदा आहे : २९,५४६ प्रेक्षकांची जागा, त्यातल्या निम्म्याहून अधिक उभ्याच्या, खाद्यपेयांचे गाळे, कंपन्यांसाठीच्या खोल्या, शिवाय नैर्ऋत्य कोपऱ्यात चालणारी बालवाडी. यातल्या कशाचे भाडे कोणाकडून किती येते, कर्जाचा हप्ता किती जातो आणि क्लब संस्थेला काय देतो, हे एका पानावर, शाळा सोडलेल्या माणसालाही कळेल अशा जर्मनमध्ये आणि इंग्रजीतही छापले जावे. खेळाडूच्या बदलीच्या रकमेचा शेवटचा शून्य आपल्याला पाठ असतो. छपराच्या दुरुस्तीचा खर्चही तसाच पाठ व्हायला हवा. मैदानाच्या बाबतीत बारकावे विसरण्याचा आपला लौकिक तसाही जुना आहे. १९६१ मध्ये नवे मैदान बांधून झाले तेव्हा पाण्याचा निचरा करायचाच राहून गेला होता आणि उद्घाटन दोन वर्षे लांबले.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. ८५० युरो ही रक्कम सगळ्यांना परवडणारी नव्हती. बंदरात रात्रपाळी करणारी, रेपरबानवरच्या हॉटेलांत भांडी घासणारी, हाफेनश्ट्रासेच्या त्या जुन्या घरांतली कितीतरी माणसे आपल्या यादीत नाहीत आणि मैदान मात्र त्यांच्या वस्तीत उभे आहे. अशा शेजाऱ्यांनी दोघा-चौघांत मिळून भाग घेण्याची काही व्यवस्था पोटनियमांत बसवता येते का, याचा संचालकांनी विचार करावा आणि ती बसत नसेल तर का बसत नाही ते सभेत सांगावे. याच शहरातल्या मोठ्या शेजारी क्लबने २०१४ मध्ये आपला व्यावसायिक संघ भागभांडवली कंपनीत नेला, तेव्हा आपण बरेच टोमणे मारले होते. आपला व्यावसायिक संघ अजून नोंदणीकृत मंडळातच आहे याचा मलाही अभिमान आहे, पण टोमणा मारणाऱ्याने आपल्या दाराची उंचीही मोजून पाहावी.

माझ्याबद्दल एक खुलासा करून थांबते. वडील गेल्यावर कारखान्याचा त्यांचा भाग माझ्या भावाच्या नावावर झाला. मुलगी परदेशात, तिला काय करायचा आहे, असे सगळ्यांचे मत पडले आणि मीही काही बोलले नाही. त्यामुळे मिलर्नटोरचा हा भाग माझ्या आयुष्यातला पहिलाच आहे. गेल्या हंगामात सामना संपल्यावर मी फेल्डश्ट्रासे स्थानकाकडे निघाले होते. फाटकाशी पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी रिकामे प्लॅस्टिकचे पेले गोळा करणारी मुले मोठाली पिंपे घेऊन उभी होती. आपल्याच एका माजी खेळाडूने, बेन्यामिन आद्रियोनने, २००५ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. पेल्याची अनामत परत घ्यायला रांग लावण्याऐवजी लोक चालता चालता पेला पिंपात टाकत होते. माझ्यापुढच्या आजोबांनी मात्र आपला पेला टाकण्याआधी त्या मुलाला थांबवले आणि विचारले, यातला किती पैसा खरोखर पाण्यावर खर्च होतो? मागे गर्दी तुंबली, कुणीतरी वैतागून शिटी वाजवली. मुलगा न चिडता उत्तर देत राहिला. आजोबांनी ते पूर्ण ऐकून घेतले, मान डोलावली आणि मग पेला टाकला.

पुढच्या सर्वसाधारण सभेला मी येणार आहे. ताळेबंदाची छापील प्रत आणि लाल-निळी पेन्सिल बरोबर असेल. बहुधा ‘इतर खर्च’ या सदराविषयीच विचारीन. तेव्हा माझ्या जर्मन व्याकरणाकडे काणाडोळा करावा आणि माईकची वायर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते ना, हे व्यवस्थापकांनी आधी पाहून घ्यावे.

आपली,
एक भाग, एक मत असलेली सभासद
आल्टोना, हांबुर्ग